मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आतडं पेट स्कॅनमध्ये का उजळतं?

साळुंकी
माझ्या आत्याचा लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) उपचारांनंतरचा पेट-सीटी, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढतात तो स्कॅन, परवा झाला. मूळ दुखणं गेलंय, त्या बाजूने काळजी नाही, तेव्हा "लवकर बरं वाटो" छापाचे प्रतिसाद नकोत. शंका रिपोर्टमधल्या एका वाक्याबद्दल आहे. मोठ्या आतड्यात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ट्रेसर (ते टोचलेलं द्रव्य) भरपूर दिसतोय आणि ते 'बहुधा मेटफॉर्मिनमुळे' असावं, असं लिहिलंय.

आत्या मधुमेहासाठी कित्येक वर्षं ग्लायकोमेट, म्हणजे मेटफॉर्मिनची गोळी घेते. आम्हाला कायम सांगितलं गेलं की हे औषध यकृतावर काम करतं, तिथून रक्तात सुटणारी साखर कमी करतं. मग यकृत आपलं नेहमीसारखं आणि आतडं एवढं उजळलेलं, हे कसं? तिथे औषध साठलंय की साखर? आणि औषध माणसाच्या कुठल्या अवयवात जातं हे कुणी स्कॅन करून बघितलंय का, की सगळे उंदरांवरून लावलेले अंदाज?

नेटवर शोधून झालंय. निम्मं डोक्यावरून गेलं.

बटाटेवडा_एक्स्ट्रा_चटणी
आदल्या रात्री आत्यांना जिलबी कुणी दिली ते आधी शोधा.

साळुंकी
सहा तास उपाशी होती बिचारी. जिलबी स्कॅननंतर खाल्ली, तो विषय वेगळा.

गॅमा_गुरुजी
न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे, हा प्रकार आठवड्यातून अनेकदा बघतो. औषध डॉक्टरांचा प्रांत, मी यंत्राच्या बाजूने सांगतो.

शिरेतून देतात ते एफडीजी, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूत एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि तिथेच गाडं अडतं. बोगस पासवर फलाटावर घुसलेल्या माणसासारखी गत: गाडीत चढता येत नाही आणि टीसी उभा असल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. जिथे साखरेची उचल जास्त तिथे ते जास्त साचतं. मेंदू कायम उजळतो, गाठ उजळते, सूज उजळते.

त्यामुळे आमचा अर्धा वेळ नको ते उजळू नये म्हणून जातो. इंजेक्शन दिल्यावर पेशंटला तासभर मंद उजेडाच्या खोलीत पांघरूण देऊन पडायला सांगतो. थंडी वाजली तर मानेजवळची ब्राऊन फॅट, म्हणजे उष्णता तयार करणारी चरबी उजळते. च्युइंगम चघळलं तर जबड्याचे स्नायू. शेजारच्या खाटेवरच्याशी गप्पा मारल्या तर स्वरयंत्र. "फोनवर बोलू का?" हा प्रश्न रोज येतो आणि उत्तर रोज 'नाही' असतं. स्कॅनच्या आधी लघवीला पाठवतो, कारण मूत्राशयात एफडीजी भरलेलं असतं.

मेटफॉर्मिनवाल्याचं आतडं मॉनिटरवर लगेच कळतं. तुम्ही उजळतं म्हणताय, पण आम्ही आधी जे करडं चित्र बघतो त्यात जास्त ट्रेसर म्हणजे जास्त काळं. मोठ्या आतड्याचा अख्खा मार्ग काळाकुट्ट दिसतो. आतड्यातली एखादी खरी गाठ त्यात लपू शकते, म्हणून २०१५ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत पोटातलं बघायचं असेल तर मेटफॉर्मिन ४८ तास आधी थांबवण्याचा सल्ला आहे.

आपल्या मनाने थांबवू नका मात्र. साखर २०० च्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात. आणि ती उतरवायला ऐन वेळी इन्सुलिन टोचलं की सगळं एफडीजी स्नायूंत जातं. अंगभर काळं आणि गाठ फिकट.

तहसीलदार_निवृत्त
मलाही गेल्या वर्षी सीटीच्या वेळी हीच गोळी बंद ठेवायला सांगितली होती. कारण किडनी असं दिलं. म्हणजे हेच ना?

गॅमा_गुरुजी
काका, ते प्रकरण निराळं. सीटीत चित्र ठळक यावं म्हणून आयोडीनवालं द्रव्य, म्हणजे कॉन्ट्रास्ट देतात. किडनी आधीच कमजोर असेल आणि कॉन्ट्रास्टने आणखी बसली, तर मेटफॉर्मिन शरीरात साचून लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक वाढणं) होऊ शकतो, ही भीती. आता साधारण ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) ३० च्या खाली असेल तरच थांबवतात, बाकीच्यांना सहसा गरज नसते. पेटमध्ये गोळी थांबवतात ती चित्रासाठी. ४८ हा आकडा दोन्हीकडे येतो म्हणून गोंधळ होतो.

मेथीदाणा
तरी मी म्हणतेच, या रासायनिक गोळ्या आतड्यात साचून राहतात. आता फोटोच आला समोर. माझ्या सासूबाई रात्री मेथी भिजत घालून सकाळी ते पाणी प्यायच्या, नव्वदीपर्यंत काठी लागली नाही.

पेशीपुराण
मेथीदाणा, फोटोत गोळी दिसत नाहीये. फ्लोरिन साखरेच्या नकलेला चिकटवलाय, मेटफॉर्मिनला नाही. काळं दिसतंय ते एफडीजी. आणि मेटफॉर्मिनची पाळंमुळंही वनस्पतीत आहेत. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडात ग्वानिडीन गटाची द्रव्यं सापडली, त्यावरून रसायनशास्त्रज्ञ इथवर आले, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहावरचा वापर प्रसिद्ध केला. गॅलेगाही मेथीसारखीच शेंगावर्गीय, एवढा आनंद तुम्ही माना.

आता साळुंकींचा शेवटचा प्रश्न. होय, खुद्द औषधाचं स्कॅनिंग माणसात झालंय. डेन्मार्कमधल्या ऑरहूसच्या गटाने मेटफॉर्मिनच्या रेणूतच कार्बन-११ बसवला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. कार्बन-११ चं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटं, म्हणजे बनवायचं, तपासायचं आणि लगेच द्यायचं. या औषधाचा एक गुण इथे कामी आला: शरीरात त्याचं विघटन होत नाही, ते जसंच्या तसं लघवीवाटे जातं. त्यामुळे पेटमध्ये दिसलेला प्रत्येक ठिपका औषधाचाच असतो, त्याच्या तुकड्यांचा नसतो. बऱ्याच औषधांच्या बाबतीत ही खात्री देता येत नाही.

शिरेतून दिलं तेव्हा किडनी आणि यकृतात भरपूर गेलं. तोंडावाटे दिलं तेव्हा आतड्यात आणि मग यकृतात. स्नायूंत जवळजवळ काहीच नाही. स्नायूंवर थेट परिणाम होतो असं पाठ्यपुस्तकात शिकलेल्यांनी (मीही त्यातलाच) हे चित्र बघून ठेवावं.

यकृतात शिरायला त्याला ओसीटी-१ हा वाहक लागतो. ज्यांच्या जनुकांत या वाहकाचे कमजोर प्रकार आहेत त्यांच्या यकृतात औषध कमी गेलेलं त्याच गटाने दाखवलं. गंमत म्हणजे अशा लोकांची साखर मोठ्या पाहण्यांमध्ये तितकी कमी उतरते असं ठामपणे दिसलं नाही. म्हणजे यकृत ही एकच जागा नसावी, हा संशय बळावला.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, तिकडं आतड्यात काळं कायले दिसते हे अजून कोनी सांगितलंच नाही. सारे यकृतातच बसले.

पेशीपुराण
येतोय तिकडेच, ओपीडी संपू द्या.

बटाटेवडा_एक्स्ट्रा_चटणी
तोपर्यंत अवांतर: मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पहिला महिना माझं पोट असं बिघडलं होतं की लोकलमध्ये बसताना पुढच्या स्टेशनावर सोय आहे का ते आधी बघायचो. त्याचा या उजेडाशी संबंध आहे का?

न्यू_जर्सीकर
वडा, एसआर (हळूहळू विरघळणारी) गोळी मागून घ्यायची. मलाही तसंच व्हायचं, ती सुरू केल्यावर थांबलं. आतड्याच्या अस्तरात या औषधाचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा ३० ते ३०० पट असतं म्हणे. एवढ्या औषधात बुडाल्यावर आतडं कुरकुरणारच.

आणि आतडंच मुख्य जागा आहे असं मानणारे लोक आहेत. २०१६ मध्ये इथे अमेरिकेतल्या एका अभ्यासात गोळीवर असं आवरण दिलं की ती लहान आतड्याच्या खालच्या भागात जाऊन सुटावी. रक्तात औषध खूप कमी पोचलं, तरी उपाशीपोटीची साखर उतरली. हे स्कॅनिंग नाही, पण बोट त्याच दिशेला दाखवतं.

पेशीपुराण
ठेचाभाऊ, घ्या.

मेटफॉर्मिनने आतड्यात एफडीजी वाढतं हे रेडिओलॉजीवाल्यांना २००८ च्या सुमारापासून नीट माहीत होतं, आणि त्यांच्या लेखी ती कटकट होती. पेट-सीटीत एक अडचण असते: ट्रेसर आतड्याच्या भिंतीत आहे की आतल्या पोकळीत, हे नीट वेगळं काढता येत नाही. पेटचं चित्र काही मिलिमीटरपर्यंतच स्पष्ट असतं, भिंत पातळ, त्यात आतडं सतत हलतं. सगळ्यांनी धरून चाललं की भिंतीतल्या पेशी जास्त साखर खात असणार.

जपानमधल्या कोबे विद्यापीठाच्या गटाने पेट आणि एमआरआय एकत्र असलेलं यंत्र वापरलं. एमआरआयमध्ये मऊ ऊती छान वेगळ्या दिसतात. त्यांनी भिंत आणि पोकळी वेगवेगळी मोजली, मेटफॉर्मिन घेणारे आणि न घेणारे मधुमेही शेजारी ठेवले. भिंतीत दोन्ही गटांत फरक नाही. फरक होता पोकळीत. साखरेची नक्कल रक्तातून आतड्यात *बाहेर टाकली* जात होती. हे २०२० मध्ये 'डायबेटीस केअर'मध्ये आलं.

आपण शिकलो ते उलट होतं: अन्न आतड्यात, तिथून साखर रक्तात. इथे रस्ता दुतर्फा निघाला.

पुढे २०२५ मध्ये त्याच लोकांनी एकाच वेळचं स्थिर चित्र न घेता वेळेबरोबर ट्रेसर कसा सरकतो हे टिपलं आणि प्रमाणाचा अंदाज काढला. औषध न घेणाऱ्यांतही थोडी साखर बाहेर पडते, घेणाऱ्यांत जवळजवळ चौपट. तासाला एखाद-दीड ग्रॅम अशा पातळीची गोष्ट आहे. उंदरांत त्यांनी खुणेची (माग काढता येईल अशी) साखर देऊन पाहिलं, तर आतड्यातले जिवाणू तिचं रूपांतर लहान साखळीच्या मेदाम्लांत करतात असं दिसलं. म्हणजे यजमान जिवाणूंना जेवू घालतोय.

शनिवारातला
जीवरसायन शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून एक टोचणी. एफडीजी म्हणजे ग्लुकोज नव्हे, हे या धाग्यावर सगळे विसरलेले दिसतात.

पेशीत साखर शिरायचे दोन प्रमुख दरवाजे. ग्लुट नावाचे वाहक एफडीजीला ओळखतात. एसजीएलटी नावाचे, म्हणजे सोडियमच्या जोरावर साखर ओढणारे, त्याला जवळजवळ ओळखतच नाहीत. गॅमा गुरुजींनी मूत्राशय भरलेलं असतं असं लिहिलं, त्याचं कारण हेच. किडनीत गाळलं गेलेलं खरं ग्लुकोज एसजीएलटी परत ओढून घेतात, म्हणून निरोगी माणसाच्या लघवीत साखर नसते. एफडीजी परत ओढलं जात नाही, ते थेट मूत्राशयात.

आता हेच आतड्याला लावा. लहान आतड्याच्या आतल्या कडेला एसजीएलटी-१ बसलेलं आहे. थोडं खरं ग्लुकोज पोकळीत झिरपलं तरी ते लगेच परत उचललं जाणार. झिरपलेलं एफडीजी मात्र परत येऊ शकत नाही, ते तिथेच साठणार. मग चित्रात दिसलेला साठा हा औषधाचा पराक्रम किती आणि ट्रेसरची मर्यादा किती? पेशीपुराण यांनी खुलासा करावा, घाई नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आता आली मजा.

पेशीपुराण
सर, मुद्दा रास्त आहे, ग्रॅममधला आकडा मी त्यामुळेच सैल धरतो. पण एक बघा. ही मर्यादा दोन्ही गटांत सारखीच आहे. औषध न घेणाऱ्यांनाही तेच एफडीजी दिलं, त्यांचंही झिरपलेलं परत उचललं जात नाही. तरी त्यांच्या पोकळीत कमी आणि मेटफॉर्मिनवाल्यांच्या पोकळीत जास्त. हा फरक ट्रेसरच्या अंगचा असू शकत नाही. शिवाय साठा ठळक दिसतो तो लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्यात. एसजीएलटी-१ चा मुख्य वावर लहान आतड्याच्या वरच्या भागात.

तुमची शंका तपासायला वेगळा ट्रेसरही आहे. मिथाइल-४-एफडीजी हे एसजीएलटीला ओळखीचं आणि ग्लुटला परकं. उंदरांना दिलं तर ते लघवीत जवळपास दिसत नाही, किडनी सगळं परत ओढते. एसजीएलटी जनुकं काढून टाकलेल्या उंदरांत तेच लघवीवाटे निघून जातं. कोण कुठला दरवाजा वापरतो हे जिवंत प्राण्यात असं उघड दिसतं.

शनिवारातला
फरकाबद्दलचं म्हणणं पटलं. आकड्याबद्दल तुम्ही स्वतःच सैल आहात, तेव्हा वाद मिटला. "यजमान जिवाणूंना जेवू घालतोय" हे मात्र माणसात सिद्ध होईपर्यंत मी पानावर बसणार नाही.

मांडवीकाठ
वाचतेय, छान चाललंय. एसजीएलटीवरून आठवलं. आमच्या बाबांना डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी सुरू केल्यापासून बाथरूममध्ये मुंग्यांची रांग लागते. डॉक्टरांना सांगितलं तर हसले, म्हणाले औषध काम करतंय याचा पुरावा आहे. याला स्कॅन लागत नाही ना?

बटाटेवडा_एक्स्ट्रा_चटणी
मुंगी-सीटी.

तहसीलदार_निवृत्त
आमच्या लहानपणी मधुमेह असाच कळायचा. अंगणात कुठे मुंग्या जमतात ते आजी बघायची.

पेशीपुराण
मांडवीकाठ, डॉक्टर बरोबर म्हणाले. या गोळ्या किडनीतल्या एसजीएलटी-२ ला अडवतात, त्यामुळे मधुमेह्याच्या लघवीवाटे दिवसाला साधारण ७० ग्रॅम साखर निघून जाते. मुंग्यांची सोय होणारच. बाबांना जागा स्वच्छ-कोरडी ठेवायला सांगा, बुरशीचा संसर्ग होतो. उलट्या-जुलाबात जेवण सुटलं किंवा ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना आवर्जून कळवा. साखर फार नसतानाही कीटोॲसिडोसिस (चरबी जळून तयार होणारी आम्लं रक्तात साचणं) होऊ शकतो आणि तो लवकर लक्षात येत नाही.

न्यू_जर्सीकर
याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचा भारतातला अभ्यास सांगतो. गुरुग्रामला मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असलेल्या ५० जणांवर झाला, २०१८ मध्ये छापला. यकृतातली चरबी एमआरआयने टक्क्यांत मोजली. २० आठवड्यांत औषधवाल्या गटात सरासरी १६.२ वरून ११.३, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत १६.४ वरून १५.५. सुई खुपसून यकृताचा तुकडा न काढता हे कळतं, आणि त्याच माणसाचं पुन्हा पुन्हा मोजता येतं.

शनिवारातला
चरबी निघालीच आहे तर पुण्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सा स्कॅनमध्ये (क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजतात तो) युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच म्हणत होता. सडपातळ दिसणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला मधुमेह कसा होतो, हे मी वर्गात याच फोटोने सुरू करायचो.

मेथीदाणा
म्हणजे मी बारीक आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही? छान. आता हा धागा वाचून मलाच साखर तपासावी लागणार.

गॅमा_गुरुजी
तपासाच ताई. मेथी चालू ठेवा, पण तपासा.

साळुंकी
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे रिपोर्टमध्ये दिसलं ते औषध नसून साखरेची नक्कल, आणि तीही बरीचशी आतड्याच्या पोकळीत. आत्याला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: "इतकी वर्षं मी माझ्याच आतड्यात साखर ओतत होते, तर मग जिलबीवर बंदी का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि एक: पुढचा स्कॅन सहा महिन्यांनी आहे. तेव्हा गोळी थांबवायची का?

पेशीपुराण
आत्यांना सांगा, तासाला दीड ग्रॅमची गळती एका जिलबीच्या साखरेपुढे फारच हळू आहे.

गोळीचं: लिम्फोमात पोटातल्या गाठी आणि आतडं दोन्ही महत्त्वाचं, म्हणून तारीख घेतानाच मेटफॉर्मिन चालू असल्याचं सेंटरला सांगा. ४८ तास थांबवायची का आणि त्या काळात साखर कशी सांभाळायची, हे सेंटर आणि मधुमेहाचे डॉक्टर यांनी मिळून ठरवू दे. ग्लायकोमेट म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन आहे की सोबत ग्लिमेपिराईड हे मधुमेहाचं दुसरं औषधही आहे ते पाकिटावर बघा. 'जीपी' लिहिलं असेल तर दुसरं. ग्लिमेपिराईड घेऊन सहा तास उपाशी राहिलं तर साखर घसरू शकते, ते सेंटरला मुद्दाम सांगा.

मांडवीकाठ
शेवटची शंका, मग थांबते. बाबांना हृदयाचाही त्रास आहे. डापाग्लिफ्लोझिनने हृदयातसुद्धा स्कॅनवर काही बदल दिसतो का?

पेशीपुराण
दिसतो. याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचा कॅनडात मधुमेह आणि हृदयधमन्यांचा आजार असलेल्या ९७ जणांवर अभ्यास झाला. सहा महिन्यांनी कार्डियाक एमआरआयमध्ये डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वस्तुमान थोडं घटलेलं आढळलं. पेटमध्ये वेगळं दिसतं: या औषधांनी रक्तात कीटोन (चरबीपासून बनणारं इंधन) थोडे वाढतात, हृदय ते आणि मेदाम्लं जाळतं, साखर कमी उचलतं, त्यामुळे एफडीजी स्कॅनवर हृदय फिकट दिसू शकतं. बाबांचा कधी पेट ठरला तर फॉर्ममध्ये या गोळीचंही नाव लिहा.